लोणी उतरलं, ताक राहिलं

ॲल्युमिनियमच्या वाडग्यात ताक होतं आणि त्यात टाकलेले मिठाचे खडे अजून विरघळायचे होते. परातीत नाचणीची भाकरी, एका कडेला करपलेली, तिच्यावर वाटलेल्या लाल मिरचीचा गोळा. आजीने वाडगा माझ्याकडे सरकवला. "खा बाय, लांबनं चालत आलीस." मार्गशीर्ष नुकता लागला होता. सड्यावर इतका वारा होता की कारवीच्या कुडातून बाहेर जायला निघालेला धूर परत आत येत होता. मी भाकरीचा तुकडा मोडून ताकात बुडवला. पातळ, आंबूस, किंचित धुरकट. त्या चढणीनंतर मला दुसरं काही नकोच होतं.

पहाटे चिपळूणहून कराडकडे जाणाऱ्या एसटीत बसले होते. पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाटाची वळणं सुरू झाली तेव्हा कुठे उजाडलं. घाटमाथ्यावर हेळवाकला उतरले आणि पुढे पायवाट. खालच्या वाडीतल्या एका घरी ओळख होती. त्या वहिनींनी धाकट्या मुलाला सोबतीला दिलं. तो पुढे पळे आणि प्रत्येक वळणावर माझी वाट बघत दगडावर बसे. त्या दोन तासांच्या चढात डोंगराने आपलं सगळं जेवण मला पायरीपायरीने दाखवलं, असं आता लिहिताना वाटतं. तळाला पऱ्याकाठी कापून झालेली भातखाचरं. त्यांच्या वर उतारावर वरकस जमीन, तिच्यात नाचणी आणि वरीची खुंटं. त्याच्या वर रान. आणि रान संपलं की सपाट, उघडा, जांभ्याचा सडा. पावसाळ्यात तिथे गुडघाभर गवत असतं, आता ते पिवळं पडून आडवं झालं होतं. त्या सड्याच्या कुशीत, झऱ्याच्या आधाराने पाच घरांचा धनगरवाडा.

हे गवळी धनगर. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या डोंगरांत त्यांना डांगे धनगरही म्हणतात. धनगर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मेंढरं येतात, पण ह्यांच्याकडे मेंढी औषधालाही सापडणार नाही. ह्यांचं दैवत, दौलत, बोलणं-चालणं सगळं म्हशीभोवती. कारण साधं आहे. मेंढीला ओल सोसत नाही. तिचे खूर कुजतात, अंगावरची लोकर भिजून जड होते, ती आजारी पडते. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या फलटणला जेमतेम पाचशे. एकाच जिल्ह्यातलं हे अंतर. त्या पावसाने एकाच नावाच्या समाजाची जनावरं वेगळी केली आणि जनावरांनी चुली वेगळ्या केल्या.

"आजी, लोणी नाही का थोडं?" मी विचारलं. घरात चार म्हशी, कोपऱ्यात घुसळखांबाला रवी अडकवलेली, तिच्या दोरीला अजून ओल. लोणी असणारच.

आजी माझ्याकडे बघतच राहिली. "लोणी इकायचं असतं, बाय. ते कोण खातंय?"

चुलीपाशी बसलेली तिची सून हसली. आजी हसली नाही. तिने खरंच सांगितलं होतं. तिच्या उभ्या आयुष्यात लोणी म्हणजे दुसऱ्याच्या घरी जायची वस्तू. बाळंतिणीला, आजाऱ्याला आणि देवाला. बाकी सगळं मडक्यात.

मी गेली काही वर्षं जमेल तसं गावोगावच्या चुली बघत हिंडते. लोक काय खातात हे विचारायला जाते आणि दर वेळी लोक काय खात नाहीत याच्याच गोष्टी घेऊन परत येते. आजीच्या त्या एका वाक्यापाशी मी दिवसभर थांबले.

दूध सकाळी काढलं तर दुपारपर्यंत टिकेल. सड्यावरून बाजार एका दिवसाच्या चालीवर. म्हणजे दूध विकणं शक्यच नव्हतं. विरजून, घुसळून लोणी काढलं तर ते काही दिवस राहतं, कढवून तूप केलं तर महिनोन्‌महिने. वजनाला हलकं, किमतीला भारी. आजीची सासू तुपाची मडकी डोक्यावर घेऊन जंगलवाटेने कोकणात उतरे. चार-पाच बायका बरोबर, पुढे एक पुरुष काठी घेऊन. येताना तांदूळ, मीठ, मिरची, एखादं लुगडं. खालच्या खोऱ्यातल्या कुणब्यांकडे लोणी देऊन नाचणी-भात आणणं तर बारमाही चाले.

आता ह्या व्यवहारात घरी काय उरलं ते पाहा. म्हशीच्या दुधात सातेक टक्के स्निग्धांश असतो. घुसळल्यावर तो लोण्यात जातो. दुधातली प्रथिनं मात्र जवळजवळ सगळी मागे ताकात राहतात. बाजाराने नेली ती चरबी. घरातल्या लेकराबाळांना मिळालं ते ताक, आणि ताकात होतं ते बळ. सोबत नाचणीची भाकरी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, सडीक तांदळात ते अगदी नाममात्र. कुणा आहारतज्ज्ञाने बसून आखावं असं हे ताट, आणि ते कुणीही आखलेलं नाही. दूध नासतं, बाजार लांब आहे आणि नाचणी उतारावर येते, या तीन गोष्टींनी ते मांडलं.

ताक विकता येत नव्हतं, म्हणून ते वाटलं जायचं. आपली भाषा त्याची साक्षीदार आहे. ताकाला जाऊन भांडं लपवू नये, असं आपण म्हणतो. भांडं लपवायची वेळ येते कारण ताक फुकट मागायला गेलेलो असतो. ताकापुरतं रामायण सांगणारा माणूसही तसाच, वाटीभर ताकासाठी गवळणीपाशी गोड बोलत बसलेला. ह्या म्हणी ज्या गावांत तयार झाल्या तिथे घुसळण झाली की ताक शेजाऱ्याचं असे. धनगरवाड्यावर आजही वाटसरूला आधी पाणी विचारत नाहीत, ताक विचारतात.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी ह्याच डोंगरांतल्या गवळी धनगरांवर आणि कुणब्यांवर लिहिलं. त्यांनी नोंदवलेली एक गोष्ट मी वाचली तेव्हापासून डोक्यात होती आणि तिच्यासाठीच मी इथवर आले होते. डोंगर एकच, रान एकच, रानातलं भेकर, ससा, डुक्कर तेच. तरी गवळी शिकार जवळपास करत नसत आणि कुणबी करत. गवळ्यांच्या ताटात ताक होतं, त्यांना रानातल्या मांसाची निकड नव्हती. कुणब्यांकडे नांगरापुरती जनावरं, दूध नावाला. त्यांनी ती भूक रानातून भागवली. जातीजातींच्या खाण्याला आपण किती चटकन सोवळ्याओवळ्याचे, स्वभावाचे अर्थ चिकटवतो. हा मवाळ, तो तामसी. इथे तर नुसता वाडग्यातल्या ताकाचा फरक होता.

रात्री मी तिथेच राहिले. जेवायला पुन्हा नाचणीची भाकरी, ताकाची कढी आणि वाळवून ठेवलेल्या टाकळ्याची भाजी. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, करटुली एवढं येतं की घरात भाजी म्हणून काही लावावं लागत नाही, असं सून सांगत होती. हिवाळा सरला की मग ताक आणि चटणी. झऱ्याचं पाणी चैत्रात बोटाएवढं होतं, त्या दिवसांत म्हशींना आधी पाजायचं आणि मग हंडा भरायचा. भाकरी आणि कढी ह्यांना पाणी कमी लागतं, डाळ शिजवायला जास्त, शिवाय लाकूड जास्त. म्हणून उन्हाळ्यात डाळ कमी. हे तिने असं सांगितलं की जणू कुणालाही ठाऊक असायला हवं. मला ठाऊक नव्हतं.

पहाटे उठून मी गोठ्यात गेले. सुनेने तीन म्हशी एका किटलीत पिळल्या आणि चौथी वेगळ्या चरवीत. किटली तिच्या नवऱ्याने मोटारसायकलला बांधली. वाड्यापासून थोडं खाली आता कच्चा रस्ता आहे, तिथे तो गाडी ठेवतो. किटली खाली डेअरीच्या संकलनाला जाते. दहा दिवसांनी पैसे खात्यात.

चौथीचं दूध आजीने विरजायला घेतलं.

"ही डेरीची नव्हं," आजी म्हणाली. "ही घरची."

एवढ्यावरून घरात मागे किती बोलाचाली झाली होती ते सून मला नंतर, पाण्याला जाताना सांगू लागली. रस्ता झाला, दूध उचलणारी गाडी यायला लागली, तेव्हा वाड्यातल्या सगळ्यांनी सगळं दूध घालायला सुरुवात केली. का घालू नये? पैसा दर दहा दिवसांनी येतो. पोरांची शाळा खाली, दवाखाना खाली, सगळ्याला रोख लागते. घुसळायचे कष्ट वाचतात, आणि ते कष्ट बायकांचेच होते. मला तिच्या तोंडून हे ऐकताना मनात कुठेही ‘पूर्वीचं चांगलं होतं’ असं आलं नाही. पहाटे दोन तास रवी ओढणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय तसं म्हणायचा अधिकार मला नाही.

पण लोणी जायचं तेव्हा ताक मागे राहायचं. दूध गेलं की मागे काहीच राहत नाही. वाड्यातल्या दोन घरांत पोरं आता सकाळी चहा आणि बिस्किटावर असतात. नाचणी पेरायचंही कमी झालं. एक तर डुकरं आणि गवे पीक ठेवत नाहीत. दुसरं म्हणजे शिधापत्रिकेवर तांदूळ-गहू मिळतो. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य ठरलं, त्या धान्याने उपास टळले हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मात्र ते धान्य म्हणजे ह्या भागात गहू आणि तांदूळ. गेलेल्या ताकाची आणि गेलेल्या नाचणीची जागा त्याने भरत नाही. २०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, शहरांत नाचणीची बिस्किटं आली. ज्या उतारांवर नाचणी पिकायची तिथे ती पुन्हा कशी पिकेल, हा प्रश्न मात्र कुणी ह्या वाड्यावर येऊन विचारला नाही.

आजीने भांडण केलं नाही. नातवंडांपैकी एकाला खाली दवाखान्यात दाखवल्यावर ‘अंगात रक्त कमी आहे, दूधदुभतं द्या’ असं सांगितलं गेलं, ते ऐकून ती घरी आली आणि म्हणाली, एक म्हस माझी. तेवढंच. तिसऱ्या वेताची, सगळ्यांत जास्त दुधाची म्हस तिने मागून घेतली. महिन्याचा हिशेब केला तर घरावर तो मोठा बोजा आहे. मुलगा पहिल्यांदा कुरकुरला, मग गप्प बसला. आता घुसळण झाली की वाड्यातली पाचही घरची पोरं वाटी घेऊन तिच्या दाराशी. लोणी अजूनही कुणी खात नाही. ते साठवून, कढवून तूप विकलं जातं.

खाली उतरले ती थेट वहिनींच्या घरी. इथलं जेवण वेगळं, हे वासावरूनच कळलं. चुलीवर सुकट परतत होती. चिपळूणच्या बाजारातून पावसाळ्याआधी भरून ठेवलेली सुकी मासळी इथे वर्षभर पुरवतात. ताटात भात, नाचणीची भाकरी, सुकट, कुळथाची पिठी. कोपऱ्यात आमसुलाचा डबा. कुणब्याच्या घरात समुद्र आणि डोंगर असे एका ताटात येतात, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

वहिनींचे सासरे ओटीवर घोंगडं पांघरून बसले होते. त्यांना मी शिकारीचं विचारलं, जरा चाचरतच. ते मोकळेपणी बोलले. त्यांच्या लहानपणी शिमग्याला गाव पारधीला जाई. हाकारे घालणारे वेगळे, वाटा धरणारे वेगळे. सापडेल त्याचे वाटे घरटी पडत, विधवेच्या घरीही तेवढाच वाटा. "वाटा चुकला तर गाव रुसायचा," म्हणाले. ते सगळं कधीच थांबलं. १९७२चा वन्यजीव कायदा आला, १९८५मध्ये कोयनेचं अभयारण्य झालं, २०१०मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. त्याआधी १९६०च्या दशकात धरणाने खोऱ्यातली सगळ्यांत चांगली भातजमीन पाण्याखाली घेतली होती. त्यांच्या सासुरवाडीचं गाव आज शिवसागर जलाशयात आहे. ते म्हणाले, "आमच्या पानातनं आधी भात कमी झाला, मग मटण. आता बॉयलर कोंबडी खातो रविवारी." त्यात राग होता की नुसती नोंद, मला सांगता येत नाही.

"आणि वरच्या धनगरांशी?"

"ते आमचे मैतर," ते लगेच म्हणाले. भात कापला की धनगरांची म्हसरं ह्यांच्या खाचरात येऊन बसत. शेण-मूत जमिनीला, धाटं म्हशींना. लोण्याचं भात, भाताचं लोणी. दोन घरांची मैत्री दोन-दोन पिढ्या चाले, लग्नाला एकमेकांकडे बोलावणं असे, मात्र जेवण आपापल्या हाताने शिजवलेलं. हे शेवटचं त्यांनी खाली बघत सांगितलं. लोणी चाले, ताक चाले, भाकरी चालत नसे. कुठलं अन्न हद्द ओलांडेल आणि कुठलं नाही हे पावसाने आणि दुधाने ठरवलेलं नव्हतं. ते माणसांनी ठरवलं होतं, आणि त्या ठरवण्याला कोणतंही भलं कारण मला सापडत नाही.

तिथून परत चिपळूणला येऊन मी मुंबई-गोवा महामार्गाने उत्तरेला निघाले. माणगावच्या अलीकडे कापलेल्या भातखाचरांत काळ्या मेंढरांचा ठिपका दिसला म्हणून उतरले. हे मात्र हटकर. मेंढपाळ धनगर. फलटणकडची तीन बिऱ्हाडं, तीनेकशे मेंढरं, दोन घोड्या, चार कुत्री आणि खुराड्यासकट घोडीवर बसून प्रवास करणाऱ्या सात कोंबड्या. दिवाळी झाली की देशावरचं गवत संपतं. तेव्हा हे लोक घाट उतरून कोकणात येतात. वळवाचे ढग दिसू लागले की परत. सहा-सात महिने घर म्हणजे वाडा, आणि वाडा रोज-दोन रोजांनी हलतो.

मी पोचले त्या संध्याकाळी योगायोगाने चंपाषष्ठी होती. ताडपत्रीच्या आडोशाला खंडोबाचा टाक मांडलेला, भंडारा उधळलेला. नैवेद्याला वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा, कांद्याची पात. चातुर्मासात न खाल्लेलं वांगं आणि कांदा ह्या दिवशी पुन्हा पानात येतात, आणि ते येतात तेव्हा खरिपाची बाजरी घरात आलेली असते. खंडोबाच्या दोन बायका, म्हाळसा वाण्याची आणि बाणाई धनगराची. दुकान आणि वाडा ह्या दोघांशी देवाला संसार करावा लागतो. मेंढपाळालाही तसाच करावा लागतो. तळी उचलून झाल्यावर वाड्यातल्या वहिनींनी रोडग्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. निखाऱ्यात भाजलेला, बाहेरून कडक, आत ओलसर.

"बाजरी इथे कुठे मिळाली?" मी विचारलं. चहूकडे भाताचा मुलूख.

"घरनं आणली. सहा पायल्या." दळून आणताना गिरणीवाला कुरकुरतो, म्हणे. बाजरी दळली की पुढच्या तांदळाच्या पिठाला काळपट रंग लागतो. म्हणून संध्याकाळी सगळ्यांत शेवटी नंबर लावायचा.

ज्याच्या रानात मेंढरं बसली होती तो शेतकरी तांदूळ देतो. रात्रभर वाघरीत कोंडलेली मेंढरं खाचरात लेंड्या-मूत टाकतात, त्याचं ते मोल. पूर्वी सगळं धान्यात मिळे, आता निम्मं रोख. म्हणजे पोतंभर तांदूळ शेजारी आणि ही माणसं घोडीवर लादून आणलेली बाजरी पुरवून पुरवून खाणार. मला ते कोडं वाटलं. वाड्यातले थोरले मामा म्हणाले, "भातावर पाय चालत न्हाईत, ताई. दुपारीच पोट रिकामं." मेंढका सकाळी आठ-नऊला भाकरी खाऊन मेंढरांमागे निघतो तो दिवस मावळल्यावर येतो. धोतराच्या सोग्यात बांधून नेता येईल, वाकडीतिकडी झाली तरी खाता येईल, पाण्याशिवाय गिळता येईल अशीच वस्तू त्याला हवी. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. भात बांधून नेता येत नाही. मिळालेला तांदूळ मग लहान पोरांना, रात्रीला, आणि उरलेला बाजारात घालून ज्वारी.

चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटत होतं. हुलगा, मटकी ह्या वाड्याच्या डाळी. पाऊस कमी तिथे येणाऱ्या, सुकल्या तर वर्षभर राहणाऱ्या, घोडीवर लादायला सोप्या. तव्याखाली तीन धोंडे. सामान मोजकं: एक तवा, एक परात, दोन पातेली, हंडा, पाटा नाहीच, खलबत्ता आहे. उद्याचा मुक्काम बदलणार असेल तर बायका पुरुषांच्या आधी निघतात. घोड्या लादतात, नव्या रानात सरपण-पाणी बघतात, मेंढरं पोचेपर्यंत चूल पेटलेली असते. जे लवकर शिजत नाही, जे सांडतं, ज्याला दोन भांडी जास्त लागतात, ते ह्या स्वयंपाकातून केव्हाच गळून गेलं आहे. चवीची आवड ह्या गळतीतून उरलेल्यावर बसते. आणि बसते ती किती घट्ट! वहिनींच्या धाकट्या मुलाला पुण्याला मावशीकडे चार दिवस पोळी मिळाली तर तो रडून भाकरी मागत होता.

"मटण?" मी विचारलं. तीनशे मेंढरांच्या मधोमध बसून हा प्रश्न येणारच.

मामांनी बोटांवर मोजलं. जत्रेला. देवाला बोललेलं असेल तेव्हा. एखादी मेंढी पडली, वाघराने धरली, वाहनाखाली आली तेव्हा. "जितं मेंढरू कापून खाल्लं तर पोरीचं लगीन कशानं करू?" सड्यावरच्या आजीचं लोणी आणि इथलं मेंढरू ह्यांत मला तसूभर फरक दिसेना. दोघांनीही आपल्या दौलतीला जेवणाबाहेर ठेवलं होतं. मेंढीचं दूधही कुणी पीत नाही, ते कोकरांचं. म्हणून कळपात आठ-दहा शेळ्या, चहापुरत्या.

त्यातही आता ओढाताण आहे. लोकरीला भाव उरला नाही. कातरलेल्या लोकरीपेक्षा कातरणीचा खर्च जास्त, म्हणून मेंढी आता मांसापुरती. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणला, तिला ‘नारी सुवर्णा’ म्हणतात. मामांच्या कळपात त्या रक्ताच्या काही मेंढ्या आहेत. जुळी झाली की पैसा दुप्पट, हे त्यांनी आनंदाने सांगितलं. पण एका मेंढीला दोघांना पाजायचं असतं. आई थकलेली असली, चारा वाळका असला की दुसरं कोकरू मागे पडतं. त्याला शेळीचं दूध लागतं. मग शेळीचं दूध चहाला उरत नाही.

ती रात्र मी त्यांच्या ताडपत्रीखाली काढली. खाली जेन, वर घोंगडं, कुत्री दोनदा भुंकून उठली. पहाटे वहिनी महामार्गावरच्या टपरीवर जाऊन आल्या. पदराखालून त्यांनी दुधाची पिशवी काढली. डेअरीची, अर्ध्या लिटरची, म्हशीच्या दुधाची.

चुलीवर चहाचं पाणी उकळत होतं. मामा, दोन्ही मुलगे, सुना, पोरं सगळी शेकत बसली होती. वहिनींनी पिशवीचा कोपरा दाताने तोडला. आडोशाला गोणपाटात एक कोकरू गुंडाळून ठेवलं होतं, जुळ्यातलं दुसरं, तीन दिवसांचं. त्यांनी अर्धं दूध कोमट करून बाटलीत ओतलं, तिच्या तोंडाला रबरी बोंडली बसवली आणि कोकराला मांडीवर घेतलं. ते आधी तोंड फिरवत होतं. मग बोंडली धरली आणि इवलीशी शेपटी हलायला लागली.

चहा कुणीही मागितला नाही. बाटली रिकामी होईपर्यंत सगळे तसेच बसून होते. मग वहिनींनी पिशवीत राहिलेलं दूध पातेल्यात ओतलं, पिशवीत घोटभर पाणी घालून ती विसळली आणि तेही ओतलं. अकरा कप झाले.